गाल फुगवायची नोकरी

फुंकरताई चिडत नाहीत, असा सगळ्या नाट्यगृहाचा समज होता, आणि तो काही उगाच झालेला नव्हता. रंगमंचाच्या पुढे, जमिनीच्या पातळीखाली, वादकांना बसायला एक खड्डा असतो. त्या खड्ड्यात बसून त्यांनी एकतीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलं. वर नाचणाऱ्यांच्या टाचांची धूळ केसांत पडायची. हिवाळ्यात पाय गारठायचे, उन्हाळ्यात दिव्यांच्या उष्णतेनं डोकं तापायचं. एकदा एका नटाच्या हातातला लाकडी पेला सुटून थेट त्यांच्या मांडीवर आला. त्यांनी तो तसाच मांडीवर ठेवून ओळ पुरी केली आणि मध्यंतरात पेला वर नेऊन दिला. "रिकामा होता ते बरं झालं," एवढंच म्हणाल्या. अशी बाई अठ्ठावन्नाव्या वर्षी भर प्रयोगात बंड करून उठेल, असं कोणी सांगितलं असतं तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

फुंकरताई हे नाव ड्रमवाल्यानं ठेवलेलं. त्या ड्रमवाल्याला स्वतःला सगळे ठोक्या म्हणत, त्यामुळे इतरांना नावं ठेवायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे असं तो धरून चालायचा. पण या बाबतीत त्याचं चुकलं नव्हतं. या बाईंचं सगळं आयुष्यच फुंकण्यात गेलेलं.

वडील काचेच्या कारखान्यात फुंकणारे होते. लोखंडी नळीच्या टोकावर भट्टीतला वितळलेला गोळा घ्यायचा आणि फुंकून त्याची बाटली करायची, हे त्यांचं काम. कारखान्याचा स्वतःचा बँड होता. दिवसभर काच फुंकलेली माणसं संध्याकाळी हात धुऊन वाद्यं फुंकायला बसायची. वडील घरी आले की एका लॉन्ड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत, खालून येणाऱ्या वाफेच्या वासात, लेकीला समोर उभी करून क्लॅरिनेट शिकवायचे. तिनं गाल फुगवले की दोन बोटांनी दाबायचे. "गालात वारा साठवून काय करतेस? तिथून तो कुठं जाणार? वारा पोटातून आण, सरळ. गाल फुगवतो तो वाजवणाऱ्याचं सोंग करतो."

ती अकरा वर्षांची असताना कारखान्यात बाटल्या करायचं मशीन आलं. वडिलांना खोकी बांधायच्या कामावर घातलं. बँड आपोआपच मोडला. त्यांनी मशीनला शिव्या दिल्या नाहीत. "बाटली ती बाटलीच," म्हणाले, "आतल्या दुधाला काय कळतंय कोणी फुंकली ते." मग आपलं क्लॅरिनेट कपाटातून काढून त्यांनी लेकीच्या हातात दिलं, ते कायमचंच.

पुढं तिचं लग्न झालं, मोडलं, पदरी एक मुलगी राहिली, आणि सत्ताविसाव्या वर्षी तिला नाट्यगृहात नोकरी लागली. इथपर्यंतची गोष्ट तशी चारचौघींसारखीच.

आता ते तीन दिवस. फुंकरताई बावन्न वर्षांच्या असताना एका ध्वनिमुद्रण कंपनीकडून बोलावणं आलं. खोलीला खिडकी नव्हती, भिंतींना करड्या रंगाचा स्पंज लावलेला, मध्ये एक खुर्ची आणि माइक. काचेपलीकडे बसलेला ध्वनिमुद्रक फार गोड बोलायचा. क्लॅरिनेटमधून निघू शकणारा प्रत्येक सूर सुटा सुटा वाजवायचा होता: हळू, मध्यम, जोरात, लांब, तोकडा, आणि प्रत्येक प्रकार तीन-तीनदा. एक सूर, मग गप्प. परत एक सूर, परत गप्प.

"ताई, तुमचा श्वास ऐकू येतोय," तो काचेमागून म्हणायचा.

"श्वास घेतला नाही तर वाजवू कशानं?"

"घ्या हो, घ्या. आम्ही नंतर कापून टाकतो."

तिसऱ्या दिवशी एका चावीखालची गादी जरा सैल झाली. एक सूर निघताना अगदी बारीक 'स्स' असा आवाज यायला लागला. त्यांनी परत वाजवते म्हटलं, तर तो म्हणाला, "असू द्या, छान वाटतोय. अनुभवी वाद्य वाटतं."

"पण हे सगळं कशासाठी चाललंय?"

"शब्दकोश असतो ना, तसा सुरांचा कोश समजा."

कोशात जायचं म्हणजे मानाचीच गोष्ट. त्यांनी चष्मा पर्समधून काढण्याचेही कष्ट न घेता कागदावर सही केली आणि घरी येऊन लेकीला कौतुकानं सगळं सांगितलं.

सहा वर्षांनी नाट्यगृहाला नवा मॅनेजर आला. हा माणूस वाईट होता असं म्हणता येणार नाही. सतत हसतमुख, सगळ्यांना 'ताई', 'काका' करणारा. पहिल्याच आठवड्यात त्यानं नऊही वादकांना आपल्या खोलीत बोलावलं. छप्पर गळतंय, खुर्च्या फाटल्यात, प्रेक्षक घटलेत, सगळं खरंच होतं. उपाय त्यानं टेबलावर मांडून ठेवला होता. एक कीबोर्ड आणि त्याला जोडलेला काळा डबा. या डब्यात सगळी वाद्यं आहेत, तो म्हणाला, खऱ्या वादकांनी वाजवलेली, सूर न् सूर खरा. दिवे आणि पडदेही याच डब्याला जोडायचे. तो चालवायला एक माणूस पुरे, आणि तो माणूस म्हणजे आपले पियानोकाका.

पियानोकाका जमिनीकडे बघत होते. म्हणजे त्यांना आधीच सांगितलेलं होतं.

सहा जणांना त्याच दिवशी हिशेब देऊन घरी पाठवलं. ठोक्या जाताना डब्यावर बोटांनी एक सुंदर ताल वाजवून गेला. मागं उरले चेलोवाले आणि फुंकरताई.

"प्रेक्षकांना वाद्यं बघायला आवडतात," मॅनेजर म्हणाला. "तुम्ही दोघं खड्ड्यात नाही, वर रंगमंचावर बसायचं, डाव्या कोपऱ्यात. काळे कपडे. हातात वाद्य. वाजवायचं मात्र नाही."

"वाजवायचं नाही म्हणजे?"

"वाजवल्यासारखं करायचं."

"आणि जाहिरातीवर काय लिहिणार तुम्ही?"

"जे आजवर लिहितो तेच. 'प्रत्यक्ष वादकांसह'." तो हसला. "तुम्ही प्रत्यक्षच असणार ना, ताई?"

तेव्हाच उठून जायला हवं होतं. पण निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं, आणि या वयात क्लॅरिनेटवालीला दुसरीकडं कोण दारात उभं करणार? फुंकरताई "बरं" म्हणाल्या. हे 'बरं' पुढं त्यांना दाताखाली आलेल्या खड्यासारखं सलत राहिलं. मॅनेजरचा राग त्यांना खूप आला, कंपनीचा त्याहून जास्त आला, पण सगळ्यात आधी आला तो स्वतःचा.

एका जुन्याच नाटकाच्या तालमी नव्यानं सुरू झाल्या. चेलोवाल्यांच्या गजाला राळेऐवजी साबण चोळला, म्हणजे तो तारांवरून नुसता घसरत राहील, आवाज येणार नाही. फुंकरताईंची पंचाईत वेगळी होती. तिसऱ्या तालमीत सवयीनं त्यांच्याकडून खरंच फुंकलं गेलं, आणि माइकनं तो सूर उचलला. दुसऱ्या दिवशी मॅनेजर कापडाचा एक बोळा घेऊन स्वतः आला.

"हा तोंडाखालच्या नळीत घालून ठेवा. चुकून काही नको."

अकराव्या वर्षापासून पुसूनपुसून ठेवलेल्या, वडिलांच्या हातच्या वाद्याच्या नरड्यात त्यांनी स्वतःच्या हातानं बोळा कोंबला. तेवढ्यानं भागलं असतं तरी एक वेळ ठीक होतं. मॅनेजर शेवटच्या रांगेत जाऊन बसला आणि तिथून ओरडला, "ताई, इथून कळतच नाही वाजवताय ते! जरा गाल फुगवा ना!"

"गाल फुगवून क्लॅरिनेट वाजत नाही."

"वाजवायचं कुठं आहे आपल्याला?"

त्यांनी गाल फुगवले.

त्या नाटकात एका आईचं गाणं होतं. मुलगा घर सोडून गेलाय आणि ती त्याच्या रिकाम्या खुर्चीशी बोलतेय. ती भूमिका थोरल्या बाई करत. नाट्यगृहातल्या सगळ्यांत ज्येष्ठ नटी, पासष्टीच्या, आवाज आता पूर्वीइतका भरीव नाही, पण शब्द असा टाकायच्या की ऐकणाऱ्यानं आपोआप मान खाली घालावी. त्या एक ओळ गायच्या आणि क्लॅरिनेटनं तिला उत्तर द्यायचं. वर्षानुवर्षं हे दोघींमध्ये चाललेलं. बाई एखाद्या दिवशी शेवटचा शब्द लांबवायच्या, एखाद्या दिवशी मध्येच थांबून खुर्चीकडं बघत राहायच्या. फुंकरताई खालून, खड्ड्यातून त्यांच्याकडं बघत थांबायच्या. खांदे उचलले की समजायचं, आता श्वास घेतला, आता गाणार. दोघींनी याबद्दल कधी एक अक्षर बोलून ठेवलं नव्हतं.

डबा थांबत नाही. थांबवता आला असता, पियानोकाकांना ते येत होतं, पण दिवे त्यालाच जोडलेले, त्यामुळे त्याला हात लावायचा नाही असा हुकूम होता. बाईंच्या कानात एक छोटंसं यंत्र बसवलं, त्यात टिक-टिक वाजायचं, त्या टिकटिकीवर गायचं. "प्रयोगभर कानात पाल चुकचुकत असते माझ्या," त्या म्हणायच्या.

या गाण्याची पहिली तालीम झाली तेव्हा फुंकरताई बोळा घातलेलं वाद्य ओठांना लावून, गाल फुगवून बसलेल्या. डब्यातून क्लॅरिनेटचं उत्तर आलं. पहिलं, दुसरं. तिसऱ्या उत्तरात एक लांब सूर होता, आणि तो निघताना बारीक 'स्स' झालं.

परक्या घरात जेवायला बसावं आणि आतून आपल्याच दाराची करकर ऐकू यावी, तसं झालं. त्यांची बोटं चाव्यांवर थबकली. तालीम संपेपर्यंत त्या बसून राहिल्या, मग तडक पियानोकाकांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"काका, हे क्लॅरिनेट कोणाचं आहे?"

"कोणाचं म्हणजे? डब्यातलं."

"दाखवा मला."

त्यांनी पडद्यावर यादी काढली. तिथं लिहिलं होतं: क्लॅरिनेट तीन; जुनं, उबदार.

"जुनं कोण?" फुंकरताई म्हणाल्या. "मी तेव्हा बावन्नची होते!"

काकांना क्षणभर उमगलंच नाही. मग उमगलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "ताई, शप्पथ, मला माहीत नव्हतं."

"माझं नाव कुठं आहे?"

"नावं नसतात यात. हे बघा ना, व्हायोलिन पाच, चेलो दोन. कोण कुठली माणसं असतील..." ते यादी खाली-खाली सरकवत राहिले. शेवटी हळूच म्हणाले, "मी नाही म्हटलं असतं तर दुसरं कोणी आलं असतं, ताई."

"मग त्या दुसऱ्याला शिव्या दिल्या असत्या मी."

घरी येऊन त्यांनी कंपनीला फोन लावला. तोच गोड आवाज. त्याला त्यांची आठवण होती, आनंदही झाला. करारात सगळं लिहिलेलं आहे, ताई: सगळ्या जगात, कुठल्याही कामासाठी, कायमचं. तुमच्या सहीचा कागद आहे आमच्याकडे. "पण बरं झालं फोन केलात. आमच्या ग्राहकांची तक्रार आहे, आवाज फार गुळगुळीत वाटतो म्हणून. त्यांना श्वास हवेत. तुम्ही अर्धा दिवस आलात तर नुसते श्वास रेकॉर्ड करून घेऊ. शांत, घाईचा, दमलेला, असे."

फुंकरताईंनी फोन ठेवला. आधी श्वास कचरा म्हणून कापून फेकायचे आणि मग त्याच कचऱ्याला गिऱ्हाईक मिळालं की दारात यायचं! हसावं की रडावं ते त्यांना कळेना. त्यांनी पातेली घासायला घेतली, आणि स्वच्छ असलेलीही घासली.

लेक बस डेपोत वेळापत्रकं लावायच्या कामावर होती. तिला भावनांपेक्षा वेळेवर सुटणारी गोष्ट जास्त आवडे. रविवारी ती आली, बटाटे सोलायला बसली आणि सगळं ऐकून म्हणाली, "आई, मी खरं बोलू? लोकांना फरक कळत नाही."

"माहीत आहे."

"मग? आजोबांचंही काम मशीननं घेतलंच होतं. तू त्याच मशीनच्या बाटलीतलं दूध प्यायचीस ना?"

"प्यायचे."

"तेव्हा नाही राग आला?"

फुंकरताईंनी सुरी खाली ठेवली. "कारखान्यानं बाबांना खोकी बांधायला लावली. वाईट वाटलं, पण ते खोकीच बांधत होते. मशीनपुढं उभं करून, 'गाल फुगवा, बघणाऱ्यांना वाटू दे तुम्हीच फुंकताय' असं नाही सांगितलं कोणी त्यांना. मशीननं माझं काम घ्यावं, खुशाल घ्यावं. पण काम त्याचं, सूर माझे, सोंग माझं आणि नाव कोणाचंच नाही, हा कुठला न्याय?"

लेकीनं सोललेला बटाटा पाण्यात टाकला. मग म्हणाली, "पण मग तू ते गाल का फुगवतेस?"

फुंकरताईंनी सुरी उचलून पुढचा बटाटा घेतला.

नाटक सुरू झालं आणि चाललं. चांगलं चाललं. सहाव्या की सातव्या प्रयोगानंतर फुंकरताई बाजूच्या दारानं बाहेर पडत होत्या, तेव्हा एक चाळिशीची बाई हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ घेऊन वाट बघत उभी होती. रडून तिचे डोळे सुजलेले. तिची आई महिन्यापूर्वी गेली होती. आईच लहानपणापासून तिला इथं नाटकांना आणायची.

"त्या खुर्चीच्या गाण्यात तुम्ही जे वाजवलंत ना," ती म्हणाली, "तसं मी कधी ऐकलं नव्हतं. तुम्ही डोळे मिटले होते. मी शेवटपर्यंत तुमच्याकडेच बघत होते." आणि तिनं गुच्छ पुढं केला.

इतक्या वर्षांत अशी फुलं त्यांना तीनदा मिळाली होती. खड्ड्यातल्या माणसाला कोण बघतं? फुंकरताईंचे हात पुढं गेले आणि वाटेतच थांबले.

"मी वाजवलं नाही," त्या म्हणाल्या.

"काय?"

त्यांनी पेटी तिथंच पायरीवर उघडली, वाद्याचं तोंड उपसलं आणि नळीतला बोळा ओढून काढला. "हे बघा. आवाज मशीनचा आहे. मी नुसती बसते."

बाई बोळ्याकडं बघत राहिली. "आणि डोळे?"

"ते सवयीनं मिटतात."

"मी तुमच्याकडे बघून आईसाठी रडले हो!" तिचा आवाज चढला. "जाहिरातीवर लिहिलंय प्रत्यक्ष वादक म्हणून! तुम्हाला लाज नाही वाटली?"

आणि ती फुलं घेऊन निघून गेली.

तिनं एकही शब्द खोटा वापरला नव्हता. तिला मशीनवर नव्हे, या बाईवर राग आला होता, आणि तो रास्त होता. चोरी कोणाची आणि पकडलं गेलं कोण! फुंकरताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोळा कोटाच्या खिशात कोंबून त्या घरापर्यंत चालत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मॅनेजरच्या खोलीत होत्या. "एक तर मला वाजवू द्या, नाही तर जाहिरात बदला आणि मला तिथून उठवा."

"एका बाईनं तक्रार केली म्हणून?"

"तक्रार तिची नाही, माझी आहे."

"ताई, शांतपणे विचार करा. तिला फरक कळला का? उलट जास्तच आवडलं."

"खिसा कापलेला कळला नाही, म्हणून खिसेकापू सुटतो होय?"

त्याचं हसू जरा आखडलं. "नऊ वादक ठेवले तर वर्षभरात इथं टाळं लागेल."

"मग चालवा डब्यावर. पण तसं लिहा."

"तसं लिहिलं तर लोक येणार नाहीत."

"म्हणजे तुम्हालाही कळतंय," फुंकरताई म्हणाल्या.

त्यानं घड्याळाकडं बघितलं. दुपारी तीनला प्रयोग होता.

दोन वाजता त्यांनी थोरल्या बाईंच्या रंगभूषेच्या खोलीचं दार वाजवलं. बाई आरशासमोर भुवया काळ्या करत होत्या.

"बाई, आज मी वाजवणार आहे. तुम्हाला आधी सांगितलेलं बरं."

बाईंनी आरशातूनच त्यांच्याकडं बघितलं. "नोकरी जाईल."

"जाईल."

"माझी नाही जाणार," बाई म्हणाल्या. "मी गेले तर नाटक कोण करील? डब्यात अजून म्हाताऱ्या भरत नाहीत." मग दुसरी भुवई पुरी करून म्हणाल्या, "मी ती कानातली पाल काढून ठेवते."

तीनशे माणसं असतील त्या दुपारी. दुसऱ्या अंकात रिकामी खुर्ची आली. फुंकरताईंनी वाद्य ओठांना लावलं. बोळा घरीच राहिला होता, खरं तर त्यांनी तो सकाळीच कचऱ्यात टाकला होता. बाईंनी पहिली ओळ गायली आणि डब्याचं उत्तर सुरू झालं. त्याच क्षणी फुंकरताईंचंही. तीच धून, तोच आवाज, दोनदा. पहिल्या ओळीला ते विचित्र वाटलं, प्रेक्षकांत थोडी चुळबुळ झाली. चेलोवाले आपला साबणाचा गज तसाच हवेत धरून बघत राहिले.

दुसऱ्या ओळीत बाई शेवटच्या शब्दावर थांबल्या. थांबल्या त्या थांबल्याच. खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. डबा थांबला नाही. त्यानं आपलं उत्तर दिलं, पुढं गेला, बाईंच्या तिसऱ्या ओळीची साथ गाण्याविनाच वाजवू लागला, जणू समोर कोणी आहे की नाही याच्याशी त्याला कर्तव्यच नाही. निळे दिवे ठरलेल्या सेकंदाला पिवळे झाले. फुंकरताई बाईंच्या खांद्यांकडं बघत, श्वास रोखून बसल्या. आणि बाई आणखी थोडं थांबल्या, मुद्दामच, हे नंतर दोघींनीही कबूल केलं.

मग डबा अचानक बंद झाला.

पियानोकाकांनी नंतर मॅनेजरला सांगितलं की हात लागला. तीस वर्षं पियानो वाजवलेल्या माणसाचा हात असा चुकून कुठं लागत नाही, पण सिद्ध कोण करणार? डबा बंद झाला तसे दिवेही आहेत तिथंच अडकले. बाईंचे खांदे उचलले. त्या गायल्या. फुंकरताईंनी उत्तर दिलं. वारा पोटातून आला. पुढच्या ओळीत बाईंचा आवाज फाटला, आणि फुंकरताईंनी आपला सूर इतका खाली आणला की तो फाटका आवाज उघडा पडला नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. फार नाही, नेहमीइतक्याच. बऱ्याच जणांना वाटलं यंत्रात बिघाड झाला होता. काही जण पैसे परत मागायला खिडकीवर गेले, कारण पुढचे दोन प्रवेश पिवळ्या उजेडात झाले आणि त्यातला एक रात्रीचा होता.

"तुम्ही प्रयोग बिघडवलात," मॅनेजर म्हणाला. आता तो हसत नव्हता.

"वाजवला," फुंकरताई म्हणाल्या.

शिस्तभंगाचं पत्र सोमवारी मिळालं. नोकरी निवृत्तीच्या आधीच संपली. नाट्यगृहानं दुसरी क्लॅरिनेटवाली शोधली. तिला वाजवता येत नव्हतं, त्यामुळे बोळ्याचीही गरज उरली नाही. डबा परत सुरू झाला आणि त्यातून फुंकरताईंचे सूर आजही वाजतात, तिथं आणि आणखी कुठं कुठं, कोण जाणे. कंपनीविरुद्ध काही करता येईल का, म्हणून त्या एका वकिलाकडं गेल्या. त्यानं कागद वाचला, चष्मा काढला आणि चहा मागवला, त्यावरूनच समजलं.

एक गोष्ट मात्र झाली. ती फुलंवाली बाई गप्प बसली नव्हती. तिनं ग्राहकांच्या तक्रारींच्या कार्यालयात अर्ज केला. तिकडून साक्षीसाठी विचारणा आली तेव्हा फुंकरताईंनी चार पानं लिहून दिली, स्वतःचे फुगवलेले गालही वगळले नाहीत. पाच महिन्यांनी निकाल लागला आणि नाट्यगृहाला जाहिरातीवरून 'प्रत्यक्ष वादकांसह' काढावं लागलं. त्याऐवजी तळाशी एक ओळ आली, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात: संगीत यंत्राद्वारे. फुंकरताई मुद्दाम जाऊन, चष्मा लावून ती वाचून आल्या. फुलंवाली त्यांना पुन्हा भेटली नाही. तिनं माफ केलं की नाही, ते त्यांना कळलं नाही.

"आता तरी शांत हो," लेक म्हणाली.

"का म्हणून? माझा राग कोणाचं काही खातोय का?"

तिला वाटलं आई घरी बसून कुढेल. पण ठोक्यानं तोवर एक उद्योग काढला होता. वाचनालयाच्या मागच्या दालनात शनिवारी दुपारी म्हातारी माणसं नाचायला जमायची, टेपवर. टेपची गती त्यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हती. ठोक्या, फुंकरताई आणि नोकरीवरून काढलेले आणखी दोघं तिथं वाजवायला लागले. पगार म्हणावा असं काही नाही, चहा-बिस्किटं मात्र भरपूर. लेक एकदा बघायला आली आणि भिंतीशी खुर्ची ओढून बसली.

त्या दिवशी चौदा जोड्या होत्या. धून ऐन रंगात आली आणि मधोमध एक पंचाहत्तरीचे गृहस्थ थांबले. बुटाची नाडी सुटली होती. "थांबा, थांबा!" ते ओरडले आणि अर्धे वाकले. त्यांना पुरतं वाकायला वेळ लागत होता.

ठोक्यानं फुंकरताईंकडं बघितलं. ताल तसाच चालू राहिला, फक्त पुढं जायचं ते चौघं त्याच चार मात्रांवर फिरायला लागले. बाकीच्या जोड्या जागच्या जागी डुलत राहिल्या. एक फेरी झाली, दुसरी झाली. गृहस्थांच्या जोडीदारीण बाई त्यांची कॉलर धरून उभ्या, म्हणजे तोल जायला नको.

"झाली का हो?" ठोक्या ओरडला.

"एक राहिलीय! गाठ बसत नाहीये!"

"सावकाश होऊ द्या," तो म्हणाला, आणि फुंकरताईंनी श्वास घेऊन पाचवी फेरी सुरू केली.